एर्मेलिंदाबाईंची पिकदाणी

"मग साल जाहीर करायचं की नाही? एवढंच सांगा, मादरीन. हो की नाही!"

तोमेनं हे त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. एर्मेलिंदाबाई खिडकीशी बसून काचेचा पेला पुसत होत्या. पुसलेलाच पेला पुन्हा पुसत होत्या.

"एवढी घाई?"

"शनिवारी पत्रं जायचीत. जेवण ठरलंय. चार देशांतून माणसं यायचीत. आणि तुम्ही पेला पुसत बसलाय!"

"डाग आहे."

"कुठाय डाग?"

बाईंनी पेला उजेडाकडे धरला, पाहिला… आणि पुन्हा पुसायला घेतला.

आता हे साल जाहीर करणं म्हणजे काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं.

पोर्तुगालात दोरू नदीच्या खोऱ्यात पोर्ट नावाची गोड, कडक वाइन करतात. ती दरवर्षी होते, पण बाटलीवर सालाचा आकडा काही दरवर्षी येत नाही. बहुतेक वर्षांची वाइन एकमेकींत मिसळून टाकतात, कोणती कुठल्या वर्षाची ते देवालाही कळू नये अशी. एखादंच वर्ष असं निघतं, की ते दुसऱ्यात मिसळायला हात धजत नाही. मग दोन हिवाळे लाकडी पिंपांत काढून झाले, की वसंतात घराणं जगाला कळवतं, की हे साल आम्ही जाहीर करतो. दहा वर्षांत दोनदा, फार तर तीनदा.

आणि खरी गोम पुढेच आहे. ती बाटली उघडायची वीस, तीस, चाळीस वर्षांनी. जाहीर करणारे तोवर बहुतेक मातीखाली गेलेले असतात. थाप मारायला याहून सोयीची जागा जगात नसेल! म्हणून जुनी घराणी या कामावर असं माणूस बसवतात, ज्याला थाप मारता येत नाही.

या घराण्यात ते माणूस म्हणजे एर्मेलिंदाबाई. वय एक्क्याऐंशी. पंचेचाळीस वर्षं त्या चव घेत होत्या. त्यांची सही पडल्याशिवाय साल जाहीर करायचं नाही, असा तोमेच्या आजोबांनी घालून दिलेला दंडक होता आणि तो कोणी मोडला नव्हता.

तोमे त्यांचा शिष्य. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातांवर धरलं होतं, म्हणून तो त्यांना मादरीन म्हणे, धर्ममाता. आता वय छत्तीस, आणि घराण्याचा मालकही तोच. नाक म्हणाल तर असं, की डोळे बांधून पिंपाचा नंबर सांगायचा. सांगून झालं की हळूच आजूबाजूला बघायचा, कोणी ऐकलं ना म्हणून.

"नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "नऊ वर्षांत आपण एकही साल जाहीर केलेलं नाही."

"नव्हतं तसं एकही."

"हे आहे!"

बाईंनी पेला फिरवून दुसरी बाजू पुसायला घेतली.

"हे आहे, मादरीन. आणि… हे बाबांचं साल आहे."

पेला पुसणारा हात थांबला.

दोन उन्हाळ्यांपूर्वी, ऑगस्टात (तिकडे तो ऐन उन्हाळा), डोंगराला वणवा लागला होता. तोमेचा बाप, अमारो, फावडं घेऊन एकटाच वर गेला. सगळ्यात वरच्या बांधावर त्याच्या आजोबांनी लावलेल्या वेली होत्या. वारा फिरला म्हणून त्या वेली वाचल्या. अमारो दुसऱ्या दिवशी सापडला, दगडी बांधाला टेकून बसलेला. अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. धुरानंच गेला बिचारा.

तीन आठवड्यांनी तोमेनं त्याच वेलींची द्राक्षं काढायला लावली. बाबांनी जीव दिला तो यांच्यासाठी, म्हणाला. यावर कोण काय बोलणार? मजूर मुकाट्यानं वर चढले.

बापाच्या मातीला तोमे ताठ उभा होता. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं असं सांगणारा माणूस त्या खोऱ्यात नाही.

"लेबल छापून आणलंय," त्यानं खिशातून कागद काढला. पांढऱ्यावर काळी अक्षरं होती. वर 'अमारो', खाली साल. बाकी काही नाही. "चाळीस वर्षांनी कोणीतरी बाटली उघडेल आणि त्यांचं नाव वाचेल. माणसं गेली की काय उरतं हो त्यांचं? हे उरेल."

बाईंनी लेबल हातात घेतलं. अक्षरांवरून बोट फिरवलं.

"सुंदर आहे."

"मग?"

"कशी लागते वाइन?"

तोमे खुलला. या प्रश्नाचीच तर तो वाट बघत होता. "आधी काळं जांभूळ. मग सुकं अंजीर, थोडी मिरी. आणि तळाशी काहीतरी… गंभीर. दुसऱ्या कुठल्याच सालात नव्हतं असं."

"काय ते?"

"खोली, मादरीन. त्या वर्षाची खोली आहे ती."

"हं… धुराची चाचणी करून घेतलीस?"

तोमेनं टेबलावरचे कागद सारखे केले.

"प्रयोगशाळेचा कागद स्वच्छ आहे."

"ते नाही विचारलं. धुराची चाचणी वेगळी मागावी लागते. मागितलीस?"

"…नाही."

"का?"

"गरज नव्हती! वासाला नाही, चवीला नाही. तिघा मोठ्या जाणकारांनी चाखली. तिघंही खूश. मी स्वतः शंभरदा चाखली असेल."

"तोंडात किती वेळ ठेवतोस?"

"चार सेकंद. तुम्हीच शिकवलंत ना! एका सकाळी चाळीस नमुने घ्यायचे, तर चार सेकंद फिरवायची आणि थुंकायची. घशाखाली थेंब गेला नाही पाहिजे."

"चाळीस नमुन्यांसाठी शिकवलं होतं."

"मग?"

"हा एकच आहे."

दोघांच्या मधे पिकदाणी होती. आपल्याकडे पान खाणाऱ्यांची असते ना, तशीच पितळेची, पण गुडघ्याएवढी उंच. चव घेणारा माणूस वाइन पीत नाही, पिकदाणीत टाकतो. प्यायला लागला तर दुपारपर्यंत आडवाच व्हायचा. तोमेला तर याची मिजासच होती. पंधरा वर्षं या टेबलाशी बसतोय, एक घोट गिळलेला नाही, असं तो पाहुण्यांना हटकून सांगायचा.

"मादरीन, तुम्हाला नकोच असेल तर तसं सांगा सरळ," त्याचा आवाज चढला. "नाहीतर माझ्या हातानं मी हे साल मिसळून टाकतो बाकीच्यांत. बाबांचं शेवटचं पीक! कुणाच्या बाटलीत गेलं, कुणाच्या पोटात गेलं, पत्ता नाही. तसं करू? सांगा, करू तसं?"

एर्मेलिंदाबाईंनी पेला खाली ठेवला.

"आण ते पत्र."

"कुठलं?"

"जाहीर करायचं."

तोमे बघतच राहिला. मग लगबगीनं त्यानं पत्र पुढे सरकवलं. बाईंनी चष्मा लावला. पत्र वाचलं… सावकाश, बोट ठेवून. आणि खाली सही केली.

तोमेनं त्यांचा हात धरून कपाळाला लावला. "मला ठाऊक होतं! मला ठाऊकच होतं, मादरीन!"

"एक घोट घे माझ्याबरोबर. अमारोच्या नावानं."

"एक का, दहा घेतो."

"एकच. पण मी सांगेपर्यंत थुंकायचा नाही."

"एवढंच ना?"

बाईंनी नमुन्याच्या बाटलीतून दोन पेल्यांत ओतली. काळसर, दाट. दोघांनी घोट तोंडात घेतला.

एक. दोन. तीन. चार. सवयीनं तोमेचं डोकं पिकदाणीकडे वाकलं. बाईंनी नुसती मान हलवली. तो सरळ झाला. गालातल्या गालात हसलाही. म्हातारीची लहर, दुसरं काय.

जांभूळ आलं. अंजीर आलं.

बाहेर चर्चच्या घड्याळाचे ठोके सुरू झाले. अकरा वाजले होते. एकेक ठोका संथ पडत होता.

जांभूळ गेलं. अंजीर गेलं. मिरी जिभेवर जरा रेंगाळली आणि तीही गेली.

मागे राहिलं ते फक्त तळाचं.

तोमेच्या कपाळावर आठी पडली. त्याला कॉलेजातलं एक पान आठवलं, उगाचच. वणव्याचा धूर द्राक्षाच्या सालीतून आत जातो आणि तिथल्या साखरेशी बांधला जातो. बांधलेला असतो तोवर ना वास येतो ना चव लागते. लाळेनं तो हळूहळू सुटतो, त्याला मिनिटभर लागतं. बाटलीत सुटायला वर्षं लागतात. परीक्षेत हे उत्तर त्यानं बिनचूक लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

ठोके संपले.

एर्मेलिंदाबाईंनी आपला घोट गिळला. त्यांच्या घशाची शीर वर गेली, खाली आली. मग त्या बोलल्या.

"जूनमध्ये अमारोनं तुला बोलावलं होतं. वरच्या बांधावरची वाळकी झुडपं तोडायला, वणव्याला सरपण नको म्हणून. दोघं मिळून दोन दिवसांत उरकू म्हणाला होता."

तोमेनं डोळे मोठे केले. तोंड भरलेलं. बोलणार काय!

"इथेच बसला होतास. याच खुर्चीत. मी ऐकलंय."

तोमेनं मान हलवली. नाही, नाही, तसं नव्हतं ते. काम होतं. नमुने होते समोर…

"काय म्हणालास त्याला?"

…

"'बघतो' म्हणालास."

आणि तेव्हाच ती आली. जिभेच्या मागून, टाळ्याशी, सगळ्या तोंडभर. चुलीतली ओली राख तोंडात कोंबावी तशी. गोड काही राहिलंच नाही. फक्त राख. ती नाकात चढली, डोळ्यांत उतरली.

तोमेनं टेबलाची कड घट्ट धरली.

हीच ती त्याची खोली! त्या वर्षाची खोली! वर्षभर जी चव तो पाहुण्यांना मिरवत होता, चार सेकंद तोंडात फिरवून थुंकत होता, ती ही होती. आणखी दहा वर्षांनी ती प्रत्येक बाटलीत सुटणार होती. जो कोणी अमारोचं नाव वाचून पेला ओठाला लावेल, त्याच्या तोंडात जाणार होती. ही कशात मिसळताही येणार नव्हती. पिंपभर चांगल्या वाइनीत तांब्याभर टाकली तरी सगळं पिंप नासणार. बापाचं शेवटचं पीक गटारात ओतावं लागणार होतं. बाटली नाही, नाव नाही, काही नाही.

त्यानं बाईंकडे पाहिलं. तुम्हाला कधी कळलं, असं डोळ्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

समोर सही केलेलं पत्र पडलं होतं. शाई अजून पुरती वाळलीही नव्हती. पत्र पाठवलं असतं तर कोणाला काय कळणार होतं? दहा वर्षांनी बाई कुठे असणार? सही त्यांची, जबाबदारी त्यांची. तोमे नामानिराळा. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा, आलंच.

तोंड भरलेलंच होतं.

त्यानं पत्र उचललं. मधोमध फाडलं. दोन तुकड्यांचे चार केले, चारांचे आठ. मग लेबल उचललं. 'अमारो' या अक्षरांपाशी त्याची बोटं अडली. तोंड मिटलेलं, खांदे गदागदा हलत होते, आणि घशातून एक आवाज निघाला, जनावराचा निघावा तसा. लेबल मात्र त्यानं फाडलं नाही. घडी करून आतल्या खिशात ठेवलं.

झालं. साल गेलं.

आता त्याला राहवेना. डोळ्यांतून धार लागली होती, श्वास अडकत होता. तो पिकदाणीवर वाकला…

एर्मेलिंदाबाईंनी हात पुढे केला आणि पिकदाणीच्या तोंडावर तळवा पालथा घातला. सुरकुतलेला, वाइनीच्या डागांनी काळवंडलेला तळवा.

तोमेनं वर पाहिलं. गाल फुगलेले, चेहरा लाल. छत्तीस वर्षांचा बाप्या, लेकरासारखा हात जोडून उभा होता.

बाईंनी हात काढला नाही.

"तुझ्या बापाला पिकदाणी मिळाली नव्हती, पोरा."