झिपरीची शेंग आणि ट्रामचा रूळ

एक होती खार. शेपूट झुपकेदार, म्हणून नाव झिपरी. झिपरीला एक शेंग मिळाली. आत तीन दाणे. दोन पिल्लांचे, एक तिचा.

रस्ता ओलांडताना शेंग सुटली. टप्प! पडली थेट ट्रामच्या रुळाच्या खाचेत. ट्राम कधीच बंद झाली. रूळ आपला अजून रस्त्यात पडून. शेंग पडली तसं त्यानं तोंड घट्ट मिटलं.

"रूळदादा, रूळदादा, माझी शेंग द्या."

रूळ नाकातून बोलला, "चार वाजता माझी ट्राम येते. तेव्हाच मी तोंड उघडतो. घड्याळाला सांग."

झिपरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मनोऱ्यावर मोठं घड्याळ. केव्हापासून पावणेचारवर अडून बसलेलं.

"घड्याळकाका, घड्याळकाका, चार वाजवा. रूळ तोंड उघडेना, माझी शेंग मिळेना."

"गिरणीचा भोंगा ऐकून मी वेळ लावतो. भोंग्याला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. बंद गिरणीच्या छपरावर भोंगा. गाल फुगवून गप्प.

"भोंगेराव, भोंगेराव, जरा वाजा. घड्याळ चालेना, रूळ तोंड उघडेना, माझी शेंग मिळेना."

"मला वाफ लागते. वाफेला पाणी लागतं. हौदाला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. चौकात दगडी हौद.

"हौदमामा, हौदमामा, पाणी द्या. भोंगा वाजेना, घड्याळ चालेना, रूळ तोंड उघडेना, माझी शेंग मिळेना."

"मला बांधलं टांग्याच्या घोड्यांसाठी. आधी घोडा पिणार, मग बाकीचे. घोड्याला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. गावातला शेवटचा टांगा. त्याचा घोडा उभ्या उभ्या पेंगत होता.

"घोडेभाऊ, घोडेभाऊ, पाणी प्या. हौद पाणी देईना, भोंगा वाजेना, घड्याळ चालेना, रूळ तोंड उघडेना, माझी शेंग मिळेना."

"गवत खाल्ल्याशिवाय मला तहान लागत नाही. आणि इथे तर सगळं डांबर."

झिपरी रडकुंडीला आली. पिल्लं उपाशी. तुरु... तुरु... मेट्रोच्या खांबापाशी, फरशीच्या फटीत, हिरवं हिरवं गवत.

"गवतआजी, गवतआजी, घोड्याला खाऊ द्या. घोडा पाणी पिईना, हौद पाणी देईना, भोंगा वाजेना, घड्याळ चालेना, रूळ तोंड उघडेना, माझी शेंग मिळेना."

गवतआजी हसली. "घड्याळ नव्हतं, गिरणी नव्हती, ट्राम नव्हती, तेव्हापासून मी इथेच आहे. सगळे माझ्यावर येऊन बसले. मी आपली उगवतेच. आण तुझ्या घोड्याला."

घोड्यानं गवत खाल्लं. कचकच, कचकच. त्याला तहान लागली. घटघट, घटघट. हौदानं पाणी सोडलं. खळखळ, खळखळ. पाण्याची झाली वाफ, भोंगा वाजला. भोंऽऽऽ! घड्याळ दचकलं. टण, टण, टण, टण!

रूळ नाकातून म्हणाला, "आली का माझी ट्राम?"

तेवढ्यात डोक्यावरून मेट्रो गेली. झुंऽऽई!

रुळानं हा मोठा आ वासला. "अरेच्चा, ही उडायला कधी लागली?"

आणि शेंग टुण्णकन बाहेर.

दोन दाणे पिल्लांनी खाल्ले. एक झिपरीनं खाल्ला. रूळ अजून वरच बघतोय. त्याचं तोंड अजून उघडंच आहे.

शेंग गेली पोटात, हसू आलं ओठात, गोष्ट आपली पुस्तकात.