दहा हजारांत चार

नगरपालिकेच्या संग्रहालयात अभिरक्षक मृदुला खांबेटे यांनी कार्बन डायऑक्साइडचं दालन उभारलं. न दिसणारा वायू लोकांना दाखवायचा कसा? त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत दहा हजार मणी भरले. त्यांतले चार काळे, बाकी पांढरे. हवेत या वायूचं प्रमाण साधारण तेवढंच. काळे मणी शोधायला लोक गर्दी करू लागले आणि शोधता शोधता प्रश्न विचारू लागले.

एक दिवस नगराध्यक्ष तात्यासाहेब टेंभेकर लवाजम्यासह आले. त्यांना ते दालन रिकामं करून स्वतःच्या सत्कारांचे फोटो लावायचे होते.

"दहा हजारांत चार!" बरणीकडे बघून ते मोठ्यानं हसले. "बाई, हे चार मणी काय दिवे लावणार? उद्याच्या उद्या दालन बंद करा."

सोबतचेही हसले. मृदुलाबाईंची दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती, पण त्यांचा आवाज चढला नाही.

"साहेब, मागच्या निवडणुकीत गावात दहा हजार मतं पडली. आपण चार मतांनी निवडून आलात. त्या चार मतांनी गावाची हवा बदलली की नाही?"

हसणं थांबलं. नाही म्हणावं तर स्वतःचीच किंमत जाते, हो म्हणावं तर मणी जिंकतात. तात्यासाहेब बरणीजवळ वाकले.

"पूर्वी किती होते हो हे काळे मणी?"

"दोनशे वर्षांपूर्वी तीनसुद्धा नव्हते, साहेब."

तात्यासाहेबांनी काचेवर बोट टेकवून चारही काळे मणी मोजले. मग म्हणाले, "दालन राहू द्या. आणि पुढच्या सभेला ही बरणी घेऊन या."