शेंदूर लावलेला रेडिओ

नदीकाठच्या एका बाजारगावात अंतूशेठ बेलसरे यांचं किराणा दुकान होतं. माणूस वाईट नव्हता हो, पण संशयी किती? देवळात जायचे तर चपला पिशवीत घालून थेट गाभाऱ्यापर्यंत न्यायचे. दूधवाल्यानं मोजलेलं दूध घरच्या मापानं पुन्हा मोजायचे. न्हाव्याकडे बसले की आरशात स्वतःचं तोंड बघायचं सोडून न्हाव्याचे हात बघत राहायचे.

त्यांची बायको सरूबाई. तिची नजर पार गेली होती. दिवसभर ओसरीवर बसून ती रेडिओ ऐकायची. डावं बटण आवाजाचं, उजवं स्टेशनचं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. सकाळची भजनं, दुपारची श्रुतिका, संध्याकाळच्या बातम्या, एवढंच जग तिच्या वाट्याला उरलं होतं.

एके दिवशी रेडिओ खरखरू लागला, मग बंदच पडला. गावात दुरुस्ती करणारा एकच, काशिनाथ मिस्त्री. तोंडाचा फटकळ, हाताचा साफ. पण सगळ्या गावाची खात्री होती, की मिस्त्री लोक आतला चांगला पार्ट काढून घेतात आणि टाकाऊ बसवतात. कुणी पाहिलं होतं? कुणीही नाही. तरी गावात पद्धत पडली होती. वस्तू दिली, की काम संपेपर्यंत मिस्त्रीसमोर स्टुलावर राखणीला बसायचं.

अंतूशेठना तेवढ्यानं कुठलं समाधान! नुसतं राखणीला बसून काय होतंय? शिंक आली, डोळे मिटले, तेवढ्यात यानं पार्ट बदलला तर? त्यांनी घरीच रेडिओची पाठ उघडली. दुकानातला शेंदूर तेलात कालवला आणि आतल्या एकूण एक भागावर बोट टेकवत सुटले.

"अहो, काय चाललंय? तेलाचा वास येतोय," सरूबाई म्हणाली.

"खुणा करतोय. आता बदलून दाखव म्हणावं!" शेठ खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काशिनाथनं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. "शेठ, रेडिओ आणलाय की मारुती?"

अंतूशेठ हसले नाहीत. ते स्टुलावर बसून त्याच्या बोटांकडे बघत होते.

"एक वायर सुटली होती, ती जोडली," काशिनाथ म्हणाला. "पण तुमचं तेल या पातळ पाकळ्यांत उतरलंय. या हलल्याशिवाय स्टेशन लागायचं नाही. ठेवून जा. उद्यापर्यंत धुऊन, सुकवून देतो."

ठेवून जा! शेठच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे हाच डाव! रात्रीतून आतला सगळा माल हलवायचा, वर पुन्हा शेंदूर फासायचा, आणि आपण बसायचं हात चोळत.

"मला शिकवतोस?" ते उठले. "आधी खिसे दाखव."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती वळून बघू लागली. काशिनाथनं सगळ्यांसमोर दोन्ही खिसे उलटे केले. सुपारीचं खांड निघालं आणि घराची किल्ली.

"झालं समाधान? आता उचला तुमचा रेडिओ," तो म्हणाला. त्यानं तो शेठकडे सरकवला.

शेठना लाज वाटली का? छे! त्यांनी बाजारभर सांगितलं, "ठेवून जा म्हणाला, बघा!" ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मग जो तो घरून खुणा करून वस्तू आणू लागला आणि जाताना मिस्त्रीचे खिसे बघू लागला. काशिनाथनं काही दिवस सोसलं. मग त्यानं हत्यारं माळ्यावर टाकली आणि त्याच दुकानात प्लॅस्टिकच्या बादल्या विकायला ठेवल्या.

तोवर पेठेत नव्या तऱ्हेचे रेडिओ आले होते. गुळगुळीत, चकचकीत, चारही बाजूंनी चिकटवलेले. "याला स्क्रूच नाही, शेठ," दुकानदार म्हणाला. "कुणाचा हात आत जायचा प्रश्नच नाही."

"याला म्हणतात इमानदारी!" अंतूशेठ म्हणाले आणि खोकं छातीशी धरून घरी आले.

वर्ष सरलं आणि तो रेडिओ मुका झाला. दुकानदार म्हणाला, "हा दुरुस्त होत नसतो. नवा घ्या." आणि गंमत बघा, दूध पुन्हा मोजणाऱ्या या माणसानं 'का?' म्हणून एकदाही विचारलं नाही. मुकाट्यानं नवा घेतला. तो गेला, की आणखी नवा. गावाबाहेरच्या खड्ड्यात असल्या डब्यांचा ढीग साठत गेला.

बऱ्याच वर्षांनी एकदा दुकानदारानंच हात वर केले. "रेडिओ आता येत नाहीत, शेठ. फोन घ्या." फोनला बटण नव्हतं, नुसती काच. सरूबाईनं ती काच चाचपून पाहिली आणि परत दिली.

तेव्हा अंतूशेठ जुना रेडिओ आणि शेवटचा बंद डबा काखेत मारून काशिनाथकडे गेले.

"काशिनाथ, हवं तर ठेवून जातो," ते खाली मान घालून म्हणाले.

म्हाताऱ्या काशिनाथनं जुन्याचं झाकण उघडलं. "तेव्हा एका दिवसाचं काम होतं. आता तेल वाळून चिकटलंय. नवा पार्ट शहरातही मिळत नाही. विचारणारे संपले, मग विकणारे तरी कशाला थांबतील?"

"आणि हा?"

काशिनाथनं डबा फोडला. आत एक काळा ठिपका, डिंकात बुडवलेला. "यात काय बिघडलं ते मलाही कळणार नाही. कळू नये अशीच त्याची घडण आहे."

"म्हणजे मुद्दाम केलंय?"

"संशयी माणूस तुम्ही, शेठ. एवढी वर्षं या डब्यांचा संशय कसा आला नाही?"

घरी सरूबाई ओसरीवर बसली होती. तिची बोटं रिकाम्या फळीवर बटण शोधत होती. शेठनी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काशिनाथ झाकण उघडून समोर बसायचा, तो तुम्हाला चोर वाटला. हे डबे तोंड मिटून बसले, ते साव वाटले. आता मी काय ऐकू?"

अंतूशेठ तिच्याशेजारी बसून राहिले.

तात्पर्य: जो आपलं काम डोळ्यांसमोर मांडतो त्याच्यावरच संशय घेत राहिलं, तर झाकण उघडणारा हात गावात उरत नाही, आणि मग बंद डबा जे सांगेल ते मुकाट ऐकावं लागतं.