थेंबाची हाक

पेशींच्या हिशेबाने सात पिढ्यांपूर्वीची, आपल्या हिशेबाने मागच्या आठवड्यातली ही गोष्ट. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, गुलाबी रसात, ठमी नावाची पेशी राहायची. रसातली साखर तिला मुकाट्याने खाऊ घालायची. पेशी वाढाव्यात म्हणून त्याच रसात घातलेला वाढीचा थेंब मात्र कानाशी ओरडायचा, "चल, एकीच्या दोन हो!" की झाल्याच दोन ठम्या. मग चार, मग आठ.

थेंब फुगला. "माझ्या एका हाकेवर ही बशी चालते. साखर काय, नुसती वाढपीण!"

"मी संपत आलेय, जरा दमाने घ्या," साखर म्हणाली.

थेंब कसला ऐकतोय! बशी खच्चून भरली, रस पिवळा पडला, तरी हाका चालूच. "हो दोन!"

"कुठे होऊ?" ठमी खेकसली. "शेजारणीचं कोपर माझ्या बरगडीत, आणि पोटात अन्नाचा कण नाही. ओरडा खुशाल!"

इतक्यात झाकण उघडलं. एका नळीने शिळा रस थेंबासकट ओढून नेला, निम्म्या ठम्या दुसऱ्या बशीत गेल्या आणि ताजा गुलाबी रस आला. त्यातून नवा थेंब ऐटीत पुढे झाला. "चला, एकीच्या दोन..."

"थांबा," सगळ्या ठम्या एका सुरात म्हणाल्या, "आधी सांगा, जेवायला काय आणलंय?"