विषाच्या कपाटातले चूर्ण

एकदा एका नदीकाठच्या वैद्यांनी झोपेचे चूर्ण विषाच्या कपाटात ठेवून वर कुलूप घातले, आणि त्यांचा शिष्य त्या दिवशी जेवायलाच उठला नाही.

कपाट तसे लहानसे, भिंतीतले. त्यात बचनाग, कुचला, धोतऱ्याचे बी अशा वस्तू असत. शुद्ध करून अत्यल्प मात्रेत दिल्या तर औषध, नाही तर मरण. वैद्यबुवांना विचारल्याशिवाय त्या कपाटाला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. बाकीच्या बरण्या ओसरीवरच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा. शिष्याचे चूर्ण त्याच फळीवर, आणि तेही सर्वांच्या पुढे मांडलेले होते.

ते तेथे कसे आले, तेवढे सांगतो. वैद्यबुवा लेकीच्या गावी गेले असताना सटवाजी भोई शिष्याकडे आला. नदीवरची नाव हाच चालवी. त्याचे डोळे लाल झाले होते.

"धाकले वैद्य, डोळ्याला डोळा लागत न्हाई बघा. कायतरी द्या."

आपल्याला कोणी वैद्य म्हटल्याची शिष्याची ती पहिलीच वेळ. त्याने नाडी पाहिली, जीभ पाहिली, जटामांसी, तगर आणि अश्वगंधा कुटून वस्त्रगाळ चूर्ण केले आणि भला थोरला पुडा बांधून दिला. "निजताना कोमट दुधातून घ्या, काका."

"किती घिऊ?"

"घ्या चमचाभर. नाहीच लागली झोप, तर आणखी घ्या. झाडपाल्याचंच तर आहे, अपाय कसला?"

हे वाक्य आपणही किती बिनदिक्कत बोलतो! शेजारीण काढा सांगते, साडू कसलीशी डबी आणून देतो, आणि देताना दोघेही हेच म्हणतात. आपणही मान डोलावतो, कारण आपल्याला तेच ऐकायचे असते.

सटवाजीला झोप लागली. त्याने ती गोष्ट नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, आणि नावाड्याने केलेली स्तुती दोन्ही काठांना पोहोचते. लोक झोपेचे चूर्ण मागायला येऊ लागले. शिष्याने बरणी भरून ठेवली. त्याला आनंद झाला, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

वैद्यबुवा परतले तेव्हा ऊन बरेच वर आले होते आणि त्यांचा घसा पार बसला होता. पलीकडच्या काठावर उभे राहून ते पहाटेपासून हाका मारत होते. अलीकडे नाव होती, खोपटात सटवाजीही होता, पण तो उठेना. अखेर धुणे घेऊन आलेल्या बायकांनी त्याला गदागदा हलवले. नावेत बसल्यावर बुवांनी त्याला एवढेच विचारले, की तू काय घेतोस आणि कोणी दिले. मग घरी येऊन त्यांनी पाय धुतले, फळीवरची बरणी उचलली आणि कपाटात ठेवली.

शिष्याला ते फार लागले. "गुरुजी, त्यात विषाचा कणही नाही. सगळं नैसर्गिक आहे!"

"मग बचनाग काय लोहाराच्या भट्टीत तयार होतो?" बुवा म्हणाले आणि स्नानाला गेले.

शिष्य रुसून कोपऱ्यात बसला. दुपार कलल्यावर बुवा त्याच्याजवळ येऊन टेकले.

"तुझं चूर्ण वाईट नाही," ते बसक्या आवाजात म्हणाले. "मीही ते देतो. पण मला सांग, त्यात झोप आणण्याची शक्ती आहे की नाही?"

"आहे."

"शक्ती आहे, तर ते नको त्या वेळीही झोप आणील. शक्ती नसेल, तर बरणी भरून ठेवलीस कशाला? अरे, जे गुण करतं ते अपायही करू शकतं. आपल्याला कोण घेतंय, हे मुळीला कळत नाही. ते वैद्याला कळावं लागतं. तू सटवाजीची नाडी पाहिलीस. तो काम काय करतो, ते ध्यानात घेतलंस? त्याची झोप कशानं उडाली, ते विचारलंस?"

"नाही, गुरुजी."

"चल, आता विचारू."

सटवाजी नावेजवळ बसला होता. बुवांना पाहताच तो हात जोडून उठला. "बुवा, माझ्यापायी तुमी उपाशीतापाशी उभं ऱ्हायलात."

"माझं राहू दे. तुझी झोप कधीपासून गेली, ते सांग."

सटवाजी पाण्याकडे पाहत म्हणाला, "गेल्या सालापासनं. पल्याडच्या वस्तीवरनं एका पहिलटकरणीला घेऊन आले व्हते. अडली व्हती. लई हाका मारल्या म्हनं त्यांनी. मला झोप लागली व्हती, बुवा. मी नाव घेऊन गेलो तवर उशीर झाला. पोर हाती लागलं न्हाई." त्याने डोळे पुसले. "तवापासनं डोळा मिटला की हाक ऐकू येती. उठून बघतो, तर कुनीच नसतं."

हाक चुकू नये म्हणून जो जागत होता, त्याला शिष्याने हाकच ऐकू येणार नाही असे औषध दिले होते. आज पलीकडे एक धडधाकट म्हातारा होता, म्हणून घसा बसण्यावर निभावले.

"काका, मी हे आधीच विचारायला हवं होतं. चुकलो मी."

"तुमचं कसलं चुकलं? मीच मागाया आलो व्हतो." सटवाजीने कमरेचा पुडा काढून बुवांच्या हाती दिला. "पर मग मी निजायचं कसं?"

"तुझ्याऐवजी दुसऱ्या कोणी हाक ऐकली, तर निजशील?"

"दुसरं कोन ऐकनार? नाव भोयाची, हाकबी भोयाची. गावची रीतच हाय ती."

रीत खरीच होती. रात्रीची हाक भोयानेच ऐकायची, हे गावाने इतके गृहीत धरले होते, की तो निजतो कधी, हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. बुवा पुडा घेऊन घराकडे वळले. शिष्य त्यांच्या मागोमाग निघाला.

दिवेलागणीला शिष्य घोंगडी खांद्यावर टाकून खोपटाच्या दारात येऊन उभा राहिला.

"वैद्य, तुमी हितं?" सटवाजी गडबडून उठला.

"हाक आली की तुम्हाला उठवीन. नाव तुम्हीच न्या. ऐकायचं काम आज माझं, उद्या गावातल्या दुसऱ्या कोणाला तरी आणतो."

चुलीवर दूध तापत होते, त्याकडे बघत सटवाजीने विचारले, "मग ह्यात काय घालून घिऊ?"

"नुसतं दूध घ्या, काका. मी जागा आहे."

सटवाजीने दूध घेतले, अंथरुणावर पडला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच आपण होऊन नदीकडे पाठ केली.