गप्प पोरीची मुलाखत

नातेवाईक जमले की मला हेच सांगायला लावतात आणि वर हसतात. ऐका, पण दात काढू नका.

आमचा मुलगा ट्रकखाली गेला. त्याच्या पोरीनं, रेणूनं, ते डोळ्यांनी पाहिलं आणि तिचं बोलणंच बंद झालं. दोन शाळांनी तिला परत धाडली. मिरजेतली ही तिसरी, आणि हिच्यानंतर ठोठवायला दारच उरलं नव्हतं. आमची सून उर्मिला पोरीला घेऊन गेली, सोबत म्हातारा मी.

मुख्याध्यापिका वझेबाईंनी आधी पालकांना शाळा फिरवून दाखवली. एका वर्गाच्या दारात थांबून त्या मिरवत म्हणाल्या, "बघा, एक पोर तोंडातून ब्र काढत नाही. ही शिस्त लावायला आमची दोन-दोन वर्षं जातात."

मग मुलाखत. "बाळ, नाव काय तुझं?" रेणू गप्प. उर्मिलानं सगळी हकिगत सांगितली, तरी बाईंनी अर्ज बाजूला सारला.

"मुकं मूल आम्हाला नको. अडाण्यांच्या घरात असंच निपजायचं. आजोबा, न्या हिला."

उर्मिला उठली नाही. "बाई, दोन वर्षं खपून तुम्ही पोरांना जे शिकवता, ते ही घरूनच शिकून आलीय. आता हिला बोलायला शिकवा. तेवढं येत असेल तर."

बाईंच्या शेजारी बसलेल्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मान खाली घातली आणि अर्जावर सही केली.

रेणू शाळेत जाते. अजून बोलत नाही. आणि आम्हाला अडाणी म्हणणाऱ्या बाईंनी अजून माझी माफी मागितलेली नाही. त्यांचं पुरं नाव सरोजिनी वझे.