महाराजांचा अंगठा आणि भिवराचे घर

भिवरा भोईणीचे घर महाराजांच्या अंगठ्यापेक्षा दोन बोटे उंच निघाले आणि ते पाडायचे ठरले.

सोनवळच्या महाराजांनी नदीवर नवा दगडी पूल बांधला होता. रोज संध्याकाळी पुलाच्या अलीकडच्या टोकाला, दिवाण त्र्यंबकपंतांनी मुद्दाम अंथरवलेल्या गालिच्यावर बसून ते सूर्यास्त पाहत. या देखाव्याच्या आड काही येऊ नये म्हणून दिवाणांनी कायदा केला. महाराजांनी गालिच्यावर बसून हात लांब करावा, अंगठा उभा धरावा. त्या अंगठ्याच्या वर जे डोके काढील ते जमीनदोस्त!

अंमलबजावणी जोरात होती. काठावरच्या केळी वाकवून बांधल्या होत्या. दगडू पैलवान नदीवर आंघोळीला रांगत जाई. वाळूत उभ्या राहणाऱ्या एका बगळ्याला शिपायांनी दोनदा समज दिली होती. सूट मिळाली ती फक्त देवळाच्या कळसाला, कारण पुजारी दिवाणांचा मेहुणा होता.

भिवराच्या घरच्यांची इथे नाव चालत असे. पूल झाला आणि नाव बसली. तेव्हापासून ती गालिच्याजवळच असलेल्या आपल्या घराच्या दारात भट्टी लावून फुटाणे भाजायची. महाराजांना ते फार आवडत. घर पाडायचा हुकूम सांगतानाही त्यांच्या तोंडात तिचेच फुटाणे होते.

"महाराज," भिवरा म्हणाली, "नुसता हात वर केला तरी माझ्या कौलांना लागतो. तुम्हाला त्यावरून सूर्यही दिसतो. आणि पलीकडं दिवाणजींचा नवा वाडा सात मजले चढला, तो चालतो?"

"तो मोजला आहे," दिवाण म्हणाले. "महाराजांच्या नखात मावतो."

महाराजांनी एक डोळा मिटून पुन्हा खात्री केली. "मावतो."

"लांब आहे म्हणून मावतो, महाराज."

"आमचा अंगठा जवळचं-लांबचं असा भेद करत नाही. आमच्या आजोबांचाही करत नसे."

"घर गेलं तर भट्टी गेली. मग आम्ही जायचं कुठं?"

"देखाव्याबाहेर," दिवाण म्हणाले.

महाराजांनी आणखी एक मूठ तोंडात टाकली आणि त्यांना थोडी लाज वाटली असावी. "बरं. उद्या सूर्य बुडायच्या आत तुझं घर आमच्या अंगठ्याखाली आणून दाखव. एक कौल काढायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही. जमलं तर घर तुझं, नाहीतर हत्ती लावू."

"आणि गालिच्याला हात लावायचा नाही," दिवाण घाईघाईने म्हणाले.

भिवराने त्यांच्याकडे नीट पाहिले. घर पाडायचे तिचे, आणि दिवाणांना काळजी गालिच्याची?

दुसऱ्या दिवशी गालिच्याभोवती भालेवाले उभे राहिले. हत्तीही आला. भिवराने घराला बोट लावले नाही, गालिच्याकडे ढुंकून पाहिले नाही. कढई, वाळू आणि हरभऱ्याचे गाठोडे घेऊन ती पूल ओलांडून गेली आणि थेट दिवाणांच्या वाड्याखाली तिने चूल मांडली.

महाराज गालिच्यावर बसले, तोच पलीकडून खमंग वास आला.

"आमचे फुटाणे तिकडे कसे?" त्यांनी एका शिपायाला पिटाळले. तो घेऊन आला.

"हे गार आहेत."

"पूल लांब आहे, महाराज."

दुसरा शिपाई धावत गेला आणि धावत आला. त्याच्या ओंजळीत फोलपटे होती. "वाटेत सांडले," तो चावत चावत म्हणाला.

महाराज उठले. दिवाण आडवे आले. "महाराज, सूर्यास्त चुकेल! आपण इथंच बसावं."

"सूर्य थांबेल. फुटाणे थांबत नाहीत."

महाराज पुढे, दिवाण मागे, त्यांच्या मागे भालेवाले आणि काय करावे ते न समजल्यामुळे हत्तीही, अशी वरात पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचली. भिवराने कढईतले गरम फुटाणे महाराजांच्या ओंजळीत घातले. त्यांनी समाधानाने डोळे मिटले, उघडले आणि आभाळाकडे पाहिले.

"सूर्य कुठं गेला?"

"दिवाणजींच्या चौथ्या मजल्यामागं, महाराज."

महाराजांनी हात लांब करून अंगठा धरला. वाडा वर उरला. दुसरा अंगठा त्यावर ठेवला, तरी उरला. मग दोन्ही हात उंचावून ते चवड्यांवर उभे राहिले. पागोटे मागे पडले, फुटाणे सांडले, आणि वाडा आपला वर तो वरच!

"दिवाणजी, हा काल आमच्या नखात होता."

"रात्रीत वाढला असेल, महाराज," दिवाण म्हणाले. "दमट हवा आहे."

"आता माझं घर मोजा," भिवरा म्हणाली.

महाराज वळले. नदीपलीकडे त्यांनी अंगठा धरला आणि घर नखाआड गेले. अंगठा काढला, घर दिसले. पुन्हा धरला, पुन्हा गेले. या खेळात ते बराच वेळ रमले.

"तू घराला हात लावला नाहीस?"

"घर जिथल्या तिथं आहे, महाराज. मी फक्त तुम्हाला हलवलं."

महाराजांचा चेहरा पडला. "म्हणजे आमचा अंगठा खोटा?"

"अंगठा खरा आहे, महाराज. गालिचा कुणी अंथरला ते विचारा."

महाराजांनी गालिच्याकडे पाहिले, मग वाड्याकडे, मग हळूच हत्तीमागे सरकत चाललेल्या दिवाणांकडे, आणि ते एवढे मोठ्याने हसले की फुटाणा घशात अडकला. शेवटी हत्तीच्या माहुताने त्यांच्या पाठीत गुद्दा घातला.

"हत्ती आणलाच आहे," दम घेत महाराज म्हणाले, "तो रिकामा परत नको जायला. माहूत, वरच्या मजल्यापासून सुरू कर. सूर्य दिसला की थांब."

भिवराचे घर राहिले, भट्टी राहिली. महाराज रोज पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फिरू लागले, कारण बसायला काही उरले नव्हते. सरकारी गालिचा भिवराला बक्षीस मिळाला होता, आणि तिने तो अंगणात पसरून त्यावर हरभरे वाळत घातले होते.